दाखला आधी, लाभाचं मग बघू

लहान लेकराचा दिव्यांग दाखला काढायचा की नाही, यावर मत देणाऱ्यांची आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कधी टंचाई नसते. आत्या, शेजारच्या काकू, शाळेतले सर, कधी कधी खाजगी दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा एका सुरात सांगतात, ‘इतक्यात कशाला? थोडं मोठं होऊ द्या.’ हा सल्ला मी पोटभर ऐकला आहे आणि त्याचा हिशेबही मांडून झाला आहे. थांबा म्हणणाऱ्याचं त्यात काही जात नाही. जातं ते लेकराचं, आणि त्यातलं बरंचसं परत मिळत नाही. माझं म्हणणं असं की दाखला आणि लाभ हे दोन वेगळे निर्णय आहेत. दाखला लवकरात लवकर घ्यावा. त्यावर कोणता लाभ घ्यायचा आणि कोणता सोडायचा, ते सावकाश, एकेक करून ठरवावं. आपण दोन्हींची मोट बांधतो, आणि ‘आम्हाला सरकारचा पैसा नको’ एवढ्या बाणेदारपणावर दाखलाही सोडून देतो.

मोठं होण्याची वाट पाहणं किती महाग पडतं, ते नियमांतच दिसतं. खाजगी शाळांतल्या शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांसाठी महाराष्ट्रात दिव्यांग बालक वंचित गटात धरलं जातं. त्याला उत्पन्नाची अट नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला मात्र हवा. हा प्रवेश शाळेच्या पहिल्या पायरीवरच होतो, नर्सरीत नाहीतर पहिलीत. लेकरू तिसरीत गेल्यावर दाखला आणला तर या तरतुदीचा त्याला काडीचा उपयोग नाही. ऐकू न येणाऱ्या बाळाचं प्रकरण याहून कठीण आहे. जन्मतः बहिऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांटचा खरा फायदा पहिल्या काही वर्षांतच होतो, कारण भाषा रुजण्याचं वय तेच. दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतही अशा मुलांसाठी पाच वर्षांची मर्यादा आहे, आणि स्वतःच्या खिशातून करायचं म्हटलं तर खर्च लाखांत जातो. ‘आमच्या घराण्यात सगळे उशिराच बोलतात’ हे वाक्य दोन-तीन वर्षं सहज खाऊन टाकतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो. पहिल्या नोंदणीला दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला २५० रुपये आणि वरच्याला ५०० रुपये पडतात. थेरपीची सगळ्यात जास्त गरज असते ती वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि नेमकी तीच वर्षं आपण ‘बघू’ म्हणण्यात घालवतो.

‘लेकराच्या कपाळी शिक्का बसतो’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण ज्याला आपण शिक्का म्हणतो तो कागद एकदा नीट वाचावा. जुन्या नमुन्यात व्यंग दिसेल असा फोटो लावावा लागे. आता फक्त चेहऱ्याचा पासपोर्ट फोटो लागतो. त्याच्याखाली स्थिती वाढत जाणारी आहे का, सुधारण्याची शक्यता आहे का, पुन्हा तपासणी कधी करायची, अशा ओळी आहेत आणि डॉक्टरांना त्यांतली एक निवडावी लागते. कायमचा शिक्का मारायचा असता तर या ओळी छापल्या कशाला असत्या? बौद्धिक अक्षमतेबाबत २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी एक ते पाच वर्षांच्या मुलासाठी तो शब्दच टाळला. त्या वयात ‘सर्वांगीण विकासात विलंब’ एवढंच निदान लिहायचं, दाखला ठरावीक मुदतीपुरता द्यायचा, आणि पुढे पाचव्या, दहाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासायचं. म्हणजे लहान मूल बदलतं हे सरकारी कागदालाही ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते सल्ला देणाऱ्यांना. अभ्यासातल्या अक्षमतेचं, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचं तेवढं वेगळं आहे. तो दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे तिथे थांबणं रास्त आहे.

मुलगी असेल तर लग्नाचा विषय निघतोच, मग ती पाळण्यात का असेना. इथे आधीची फोड कामी येते. दाखला आपल्या कपाटात राहतो. तो कोणी चावडीवर वाचून दाखवत नाही. गावात कळतं ते काही ठरावीक लाभांमुळे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, आणि तो घ्यायचा तर गावच्या यादीत नाव येणारच. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तलाठ्यामार्फत होते. ज्यांना याचा जाच वाटतो त्यांनी हे दोन लाभ खुशाल सोडावेत. पण निरामयचा विमा, रेल्वेची सवलत, शाळेत परीक्षेला मिळणारा जादा वेळ, आणि जुन्या करप्रणालीत आयकर भरणाऱ्या आईबापाला कलम ८०डीडीखाली मिळणारी ७५,००० रुपयांची वजावट (८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाला १,२५,०००) यांचा गवगवा होत नाही. लोकांच्या तोंडाला भिऊन हेही सोडणं मला पटत नाही. आणि स्पष्टच बोलायचं तर लग्न मोडणारे दाखला बघून मोडत नाहीत, लेकरू बघून मोडतात.

दुसरा आक्षेप जास्त सभ्य भाषेत येतो: ‘खऱ्या गरजूचा घास आपण का काढावा?’ ऐकायला छान आहे. पण निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादाच ५०,००० रुपये आहे, त्यामुळे पगारदार घराला ती पायरी चढताच येत नाही. जो त्या मर्यादेत बसतो तो स्वतःच गरजू आहे. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचं हे अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये झालं. कापसाच्या भरवशावर जगणाऱ्या घराला दर महिन्याचे अडीच हजार म्हणजे यवतमाळला थेरपीला जायचं गाडीभाडं तरी आहे. बाकी बहुतेक सवलती कायद्याने प्रत्येक पात्र मुलाला आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ३१ वं कलम सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतं. एकाने तो घेतला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. अलीकडे यात बनावट दाखल्यांची भर पडली आहे. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून देशभर गदारोळ झाला, २०२५ मध्ये राज्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या दाखल्यांची फेरतपासणी सुरू झाली, आणि आता तीन वर्षांच्या पोराच्या आईकडेही लोक संशयाने बघतात. खोटेपणाला त्याच कायद्याच्या ९१ व्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. ती भीती चोराने बाळगावी, आपण का?

खरा, वजनदार आक्षेप एकच आहे: त्रास. उमरखेड असो की वणी, तपासणीसाठी जायचं यवतमाळ शंभरेक किलोमीटरवर. मजुरी बुडते, लेकरू गाडीत रडतं, आणि तिथे गेल्यावर टेबलामागचा माणूस मान वर न करता विचारतो, ‘पेशंट कुठंय?’ लेकरू कडेवरच असतं. त्याचं नाव विचारायची पद्धत नाही, सगळी बोलणी टक्क्यांची. या वागण्याचा मला आजही संताप येतो, पण तो दाखला न काढण्याचं कारण होऊ शकत नाही; उलट टक्क्यांचं गणित आपणच शिकून जायला हवं. मुलाला दोन अडचणी असतील तर दोन्हींचे टक्के सूत्राने एकत्र करायचे असतात. मोठ्या आकड्याला अ आणि लहान आकड्याला ब म्हटलं, तर ९० मधून अ वजा करा, त्याला ब ने गुणा, ९० ने भागा आणि उत्तर अ मध्ये मिळवा. पायाचे ३० आणि कानाचे २० असतील तर एकत्रित ४३ च्या वर जातात, आणि चाळीसची ओळ ओलांडली जाते. एकाच विभागात तपासून घरी पाठवलं तर हेच लेकरू अपात्र ठरतं. म्हणून दुसरी अडचण तोंडाने सांगा आणि अर्जातही लिहा. आकडा मान्य नसेल तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. ही गोष्ट तिथे कोणी आपणहून सांगत नाही.

सिकलसेलच्या घरांना हे जास्तच लागू आहे. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या पट्ट्यातल्या कोलाम, गोंड वस्त्यांना हा आजार नवा नाही, आणि २०१६ च्या कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत घेतले. पण तपासणीच्या दिवशी ते मूल हसत-खेळत असतं. ‘याला काय झालंय?’ या प्रश्नाला उत्तर आईच्या तोंडून नाही, डिस्चार्ज कार्डातून द्यावं लागतं: केव्हा भरती केलं, किती वेळा रक्त चढवलं, दुखण्याचे झटके किती आले. हे कागद पहिल्या दिवसापासून जपा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकाने काही लिहून दिलं असेल तर तेही जोडा.

बाकी सूचना सगळेच देतात: झेरॉक्स जास्त काढा, सकाळी लवकर पोचा, एजंटाला पैसे देऊ नका. ठीक आहे. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे नावाचं स्पेलिंग. जन्मदाखला, आधार आणि स्वावलंबन पोर्टलवरचा दाखल्याचा अर्ज यांत बापाचं नाव आणि आडनाव अक्षर न् अक्षर सारखं हवं, नाहीतर प्रत्येक योजनेच्या दारात नवं शपथपत्र. अर्ज भरून स्वस्थ बसू नका. दोन वर्षांहून जास्त काळ निकाल न लागलेला अर्ज निष्क्रिय होतो आणि पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागते. चाळीसच्या आत आकडा आला तरी पांढरं यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड मिळतं, ते घ्या. २०२४ च्या सुधारित नियमांत चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं आणि ऐंशी व त्यावर निळं अशी विभागणी आहे. पांढऱ्यावर आज फारसं काही पदरात पडत नाही हे खरं, पण पुढच्या तपासणीला मागची नोंद तयार असते. आणि पाच वर्षं पूर्ण झाली की दोन कामं एकदम येतात: बाल आधारवर बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद घालणं, आणि मुदत संपणारा दाखला नवा करणं. आधारचं आधी करा. आईबापांनो, नाहीतर तपासणीची तारीख आली की आधारच्याच वादात अडकायला होतं, आणि टेबलामागचा माणूस तेव्हाही मान वर करून बघणार नाही.