उष्णतेनें सुती कापड कसें नासतें

सोलापुरी चादर अगर टॉवेल ज्या घरांत नाहीं असें शेतकऱ्याचें घर आपल्या प्रांतांत विरळाच. त्याच सोलापुरांत, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत, ता. १८ मे २०२५ रोजीं टॉवेलच्या एका कारखान्यास आग लागून ८ माणसें दगावलीं. त्या आगीचें मूळ शोधणें हा या लेखाचा हेतु नव्हे. परंतु कापूस पिकविणाऱ्यानें, व विशेषतः वेचलेला कापूस भावाची वाट पाहत राहत्या घरांत रचून ठेवणाऱ्यानें, हा पदार्थ तापल्यावर काय करतो हें नीट समजून घेणें जरूर आहे.

कापसाचा तंतु म्हणजे शेंकडा नव्वदांहून अधिक सेल्युलोज होय. लाकडांतहि मुख्य भाग तोच. साखरेच्या जातीचे हजारों कण एकापुढें एक जोडून त्याची सांखळी बनते, आणि कापडाचें बळ या सांखळीच्या लांबीवर असतें. साध्या हवेंत रुईंत शेंकडा ७-८ भाग पाणी असतेंच. कापड १०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापलें कीं तें निघून जातें. एवढ्यानें तंतूचा नाश होत नाहीं, मात्र तो ठिसूळ होतो. ओला सुती धागा कोरड्याहून बळकट असतो, ही गोष्ट पुष्कळांस उलटी वाटते, पण ती खरी आहे. म्हणूनच जिनिंगमध्यें अति कोरडा कापूस घातल्यास तंतु तुटून रुई आंखूड पडते.

उष्णता १५० अंशांच्या आसपास तासन्‌तास राहिली तर हवेंतील प्राणवायु सांखळ्या तोडूं लागतो व कापड पिवळें पडतें. सुती कापडावर फिरणारी इस्त्री सुमारें २०० अंशांपर्यंत तापलेली असते. ती क्षणभरच टेकते म्हणून निभावतें. विसरून राहिली तर उमटणारा तांबूस डाग हा मळ नव्हे, तो अर्धवट जळालेला तंतु आहे, आणि कितीहि साबण लावला तरी तो जाणार नाहीं. आम्लाचा अंश असल्यास हें काम फारच लवकर होतें. ट्रॅक्टरच्या बॅटरींतील तेजाबाचा थेंब धोतरावर उडाला तर त्या वेळीं कांहीं दिसत नाहीं; पुढें धुतांना किंवा इस्त्री करतांना तेथें भोंक पडतें. असा थेंब उडतांच कापड भरपूर पाण्यानें व मागाहून सोड्याच्या पाण्यानें धुवावें.

तीनशें अंशांपलीकडे मात्र सांखळी झपाट्यानें कोसळते. तिच्यांतून पाण्याची वाफ, डांबरासारखी वाफ, कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायु निघतात व मागें कोळसा उरतो. ज्वाला दिसते ती या वाफेची. कापड स्वतः जळत नाहीं असें म्हटलें तरी चालेल. नायलॉन प्रथम वितळतें, लोकर बहुधा आपोआप विझते, सूत मात्र वितळतहि नाहीं व सहजीं विझतहि नाहीं, कारण ज्वाला गेली तरी कोळसा आंतल्या आंत धुमसत राहतो. टॉवेलासारख्या केसाळ विणींत हवा खेळती असल्यानें तो लवकर पेट घेतो. बंद जागेंत मनुष्य बहुधा भाजण्याच्या आधींच धुरानें गुदमरतो.

हा धुमसण्याचा गुण शेतकऱ्यास सर्वांत घातक. कापसांत राहिलेला खिळा किंवा खडा जिनाच्या यंत्रावर घासून ठिणगी पडली, व ती दाबलेल्या गांठीच्या पोटांत गेली, तर गांठ वरून थंड दिसत असतां आंत कित्येक दिवस जळत राहते. वरून पाणी ओतून उपयोग नाहीं. संशयित गांठ उघड्यावर दूर नेऊन फोडली पाहिजे.

ओल्या कापसाची तऱ्हा निराळी. पावसांत भिजलेला कापूस ढिगास लावला कीं बुरशी व सरकीचा श्वासोच्छ्वास यांमुळें ढीग आंतून तापतो. यानें सहसा आग लागत नाहीं, पण रुई पिवळी पडते व सरकीची उगवण जाते. सरकारी खरेदींत ८ टक्के ओल प्रमाण धरून १२ टक्क्यांपर्यंतचा माल कपातीनें घेतात, त्याचें एक कारण हेंच. ढिगांत कोंपरापर्यंत हात घालून पाहावा. ऊब लागल्यास त्याच दिवशीं पसरून वाळवावा.

जवसाच्या किंवा सरकीच्या तेलानें माखलेल्या चिंध्या मात्र विस्तवावांचून पेटूं शकतात. हीं तेलें हवेंतील प्राणवायु शोषतांना उष्णता सोडतात; चिंध्यांचा बोळा असला तर ती बाहेर पडत नाहीं. अशा चिंध्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यांत बुडवून ठेवाव्या. इंजिनाच्या खनिज तेलाची ही भीति नाहीं, तरी तें लागलेल्या चिंधीस विस्तव फार लवकर धरतो.

टांकणखार व अमोनियम फॉस्फेट यांनीं कापडाचा पेट मंदावतो, हें फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसाक यानें १८२१ सालीं दाखविलें होतें. या क्षारांमुळें पेटणारी वाफ कमी व कोळसा जास्त होतो. पण पाण्यानें ते निघून जातात. रोज धुवावयाच्या कपड्यास त्यांचा उपयोग थोडा. घरांतील कापसाच्या बाबतींत जागा बदलणें हाच उपाय: ढीग चुलीपासून, विजेच्या तारांपासून व बिडी ओढणाऱ्यांच्या बैठकीपासून दूर, शक्य तर वेगळ्या खोलींत ठेवावा. ज्या खोलींत कापूस रचला आहे तींत कोणास निजूं देऊं नये, व तिच्या दारापुढें पोतीं रचूं नयेत.