लांब उड्डाणातील सपाट आसन आणि प्रवाशाचे आरोग्य

बिझनेस क्लासमधील आसन पूर्ण आडवे होऊन त्याचा सपाट बिछाना होण्याची सोय ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणली, आणि त्याआधी पाठ बरीच मागे झुकणारी किंवा सरळ रेषेत पसरूनही जमिनीशी तिरकी राहणारी जी आसने प्रचलित होती, त्यांची जागा पुढील काळात बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांच्या लांब उड्डाणांत या सपाट आसनांनी घेतली. तिरक्या आसनावर झोपलेला प्रवासी हळूहळू पायांकडे घसरत असे आणि स्वतःला सावरण्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा जागे व्हावे लागत असे. सपाट आसनाने ही अडचण दूर केली. या आसनाचा आरोग्याला लाभ कोठे होतो आणि कोठे संपतो, हे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ते शरीराची गुरुत्वाकर्षणाच्या संदर्भातील स्थिती बदलते. विमानातील हवेचा दाब मात्र सर्वांसाठी तोच राहतो. झोप, पाठीचा कणा आणि पायांतील रक्त यांना त्याचा फायदा मिळतो, परंतु फुप्फुसांना मिळणारा प्राणवायू आणि शरीराचे अंतर्गत घड्याळ यांच्यासाठी महागडे तिकीट व साधे तिकीट यांत फरक नसतो.

झोपेच्या बाबतीतला लाभ खरा आहे. माणसाच्या झोपेत दर दीड तासाच्या सुमारास स्वप्ननिद्रेचा टप्पा येतो, ज्यात डोळ्यांची बुबुळे वेगाने हलतात आणि मान, पाठ व हातपाय यांचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडतात. बसलेल्या माणसाची मान अशा वेळी आधाराविना लोंबकळते, तो दचकून जागा होतो आणि हा टप्पा तुटतो. शिवाय ताठ बसलेल्या शरीरात मेंदूपर्यंत रक्त चढवण्यासाठी मज्जासंस्थेला रक्तवाहिन्या आवळून धराव्या लागतात, आणि ही सावध अवस्था गाढ झोपेला मारक ठरते. निकोल्सन आणि स्टोन या संशोधकांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या कोनांत झुकणाऱ्या आसनांवरील झोपेची बिछान्यातील झोपेशी तुलना केली, आणि पाठ उभ्या रेषेपासून सुमारे ४० अंश किंवा अधिक मागे गेली तर पुरेशी झोप मिळू शकते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. वैमानिकांच्या विश्रांतीसंबंधी अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने केलेल्या, २०१४ पासून लागू असलेल्या नियमांतही हाच ४० अंशांचा आकडा दिसतो. त्या नियमांत विश्रांतीच्या जागांचे तीन वर्ग असून निदान ४० अंश झुकणारे व पायांना आधार देणारे आसन तिसऱ्या वर्गात, सपाट किंवा जवळपास सपाट होणारे, पडद्याने वेगळे केलेले आसन दुसऱ्या वर्गात, आणि केबिनपासून अलग, प्रकाश व तापमान हवे तसे ठेवता येणारा बिछाना पहिल्या वर्गात मोडतो. जितकी जागा चांगली, तितका वेळ वैमानिकाला कामावर राहू दिला जातो. म्हणजे विमान सुरक्षेचे नियम करणाऱ्यांनीसुद्धा आसनाचा कोन आणि झोपेचा दर्जा यांचा संबंध मान्य केलेला आहे, आणि म्हणून या सोयीला निव्वळ चैन म्हणणे योग्य नाही.

दुसरा लाभ पायांना होतो. उभ्या माणसाच्या घोट्याजवळील शिरांमध्ये रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत असतो, बसल्यावर तो काहीसा उतरतो आणि आडवे होताच फारच कमी होतो. तासन्‌तास पाय खाली सोडून बसल्यामुळे वाढलेल्या दाबाने रक्तातील द्रव शिरांबाहेर ऊतींमध्ये पाझरतो, पादत्राणे घट्ट होतात आणि घोट्यावर बोट दाबले असता खळगा पडतो. सपाट झोपणाऱ्या प्रवाशाला ही सूज बरीच कमी येते. यावरून रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही संपतो असा जो समज प्रचलित आहे, तो मात्र तपासून घ्यावा लागतो. पोटरी किंवा मांडीच्या आतील मोठ्या शिरांत रक्त गोठणे आणि त्या गाठीचा तुकडा सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकणे, या विकाराला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ हे नाव मिळाले आणि त्या नावाने दोष स्वस्त तिकिटाकडे गेला. प्रत्यक्षात या विकाराचे मूळ दीर्घकाळ न हलण्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना आश्रयस्थानांत कापडी खुर्च्यांवर रात्र काढणाऱ्या लोकांत अशा गुठळ्यांनी झालेल्या मृत्यूंची नोंद कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी केली होती, आणि १९५४ साली जॉन होमन्स या शल्यविशारदांनी लांब विमानप्रवासानंतरच्या रुग्णाचे वर्णन केले. अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सने २०१२ साली जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत इकॉनॉमी क्लासमुळे हा धोका वाढतो याला ठोस पुरावा नसल्याचे म्हटले, तर खिडकीजवळील आसन हे धोक्याचे कारण सांगितले, कारण तेथे बसलेला प्रवासी शेजाऱ्यांना उठवण्याच्या संकोचाने जागेवरच राहतो.

या निरीक्षणाचा सपाट आसनाशी जवळचा संबंध आहे. मद्य आणि झोपेची गोळी घेऊन आठ तास एकाच कुशीवर निश्चल पडलेल्या प्रवाशाच्या पोटरीचे स्नायू आखडत-सैलावत नाहीत, आणि शिरांतील रक्त हृदयाकडे ढकलणारा पंप म्हणून त्यांचे जे काम असते ते जवळजवळ थांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या संशोधन अहवालानुसार चार तासांहून लांब प्रवासानंतर गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो, तरीही निरोगी व्यक्तीच्या बाबतीत त्याचे प्रमाण सुमारे सहा हजारांत एक इतके कमी राहते. त्यामुळे सर्वसाधारण प्रवाशाने घाबरण्याचे किंवा स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेण्याचे कारण नाही. ज्यांना पूर्वी अशी गुठळी झाली आहे, कर्करोगावर उपचार चालू आहेत, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, ज्या गरोदर आहेत किंवा इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या घेतात, त्यांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांशी बोलून घोट्यापाशी १५ ते ३० मिलिमीटर दाब देणारे गुडघ्याखालचे मोजे वापरावेत की प्रतिगुठळी औषध घ्यावे हे ठरवावे, आणि सपाट आसन मिळाले म्हणून त्या उपायांत कपात करू नये.

आता हवेचा विचार करावा लागतो, आणि या लेखातील सर्वांत गंभीर भाग हाच आहे. आकाशात अकरा-बारा किलोमीटर उंचीवर उडणाऱ्या विमानातील हवेचा दाब जमिनीइतका ठेवला जात नाही. तो फार तर ८००० फूट उंचीच्या डोंगरावर जितका असेल तितका खाली येऊ दिला जातो, आणि बोइंग ७८७ व एअरबस ए३५० यांसारख्या नव्या विमानांत ही मर्यादा सुमारे ६००० फूट आहे. कमी दाबामुळे प्रत्येक श्वासातून रक्तात कमी प्राणवायू मिसळतो. जर्मनीतील कोलोन येथील एरोस्पेस वैद्यक संस्थेच्या संशोधकांनी २०२४ साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १८ ते ४० वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींना ८००० फुटांइतका दाब असलेल्या कक्षात बिछान्यावर आडवे झोपवले. मद्य न घेता झोपलेल्यांच्या रक्तातील प्राणवायूची पातळी सुमारे ८८ टक्क्यांवर आली, तर बीअरच्या दोन कॅनइतके मद्य घेऊन झोपलेल्यांत ती सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत उतरली आणि हृदयाचे ठोके मिनिटाला ८८ च्या आसपास राहिले. हेच मद्य जमिनीवरील दाबात घेतलेल्यांची पातळी मात्र ९५ टक्क्यांजवळ होती. हे सर्व स्वयंसेवक तरुण व निरोगी होते. धूम्रपानाने फुप्फुसे कमजोर झालेल्या किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या साठीतल्या प्रवाशाच्या शरीरावर हाच ताण किती पडेल, याची कल्पना वाचकांनी करावी. बिझनेस क्लासमध्ये मद्य विनामूल्य असते, ते आग्रहाने दिले जाते आणि लगेच बिछाना पसरून दिला जातो. वैद्यकीय दृष्टीने ही साखळी अयोग्य आहे, आणि झोपणार असलेल्या प्रवाशाने मद्य पूर्ण टाळावे, असा या स्तंभाचा स्पष्ट सल्ला आहे.

हवा कोरडीही असते. केबिनमधील आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली राहते, आणि प्रवाशांच्या श्वासातून येणारे बाष्प हाच तेथील ओलाव्याचा मुख्य स्रोत असल्यामुळे विरळ वस्तीच्या पुढील केबिनमध्ये ती आणखी कमी असू शकते. यामुळे शरीरातील पाणी धोकादायक प्रमाणात घटते असे नाही, परंतु नाक, घसा व डोळे सुकतात, म्हणून झोपण्यापूर्वी कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्यात आणि उशाशी पाण्याची बाटली असावी.

काही रुग्णांनी आसन पूर्ण सपाट करूच नये. हृदयाची पंप करण्याची शक्ती घटलेल्या रुग्णाला आडवे होताच पायांतील रक्त छातीकडे परतल्याने धाप लागते, आणि जो घरी दोन-तीन उशा घेऊन झोपतो त्याने विमानातही पाठ तितकीच उंच ठेवावी. जठरातील आम्ल अन्ननलिकेत येऊन छातीत जळजळ होणाऱ्यांनाही हेच लागू पडते, कारण कमी दाबात आतड्यांतील वायू सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाने फुगतो आणि भरलेल्या पोटावरचा दाब वाढवतो. विमान सुटल्यानंतर तासाभरात येणारे अनेक पदार्थांचे जेवण करून लगेच आडवे होण्यापेक्षा विमानतळावरच हलके खाऊन घेणे शहाणपणाचे आहे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या शिरेवर पडतो, म्हणून कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर झोपावे. झोपेत श्वास अडण्याचा विकार असलेल्यांनी घरी वापरतात ते हवेच्या दाबाचे सी-पॅप यंत्र विमानातही वापरावे, त्यासाठी विमान कंपनीला आधी कळवावे आणि बॅटरीची व्यवस्था करावी. उताणे झोपल्यास हा विकार बळावतो आणि विरळ हवेत त्याचे परिणाम अधिक होतात.

आसनाच्या रचनेतही काही मर्यादा आहेत. पावलांसाठी पुढच्या आसनाखाली ठेवलेली पोकळी बहुतेक ठिकाणी अरुंद असते, त्यामुळे उंच व्यक्तीला गुडघे दुमडून कूस बदलणे कठीण जाते. आसनाचे निरनिराळे भाग जेथे जुळतात तेथे कंबरेखाली फट किंवा उंचवटा जाणवतो, आणि कंबरदुखी असलेल्यांनी तेथे घडी घातलेले पांघरूण व गुडघ्यांखाली उशी ठेवल्यास कण्यावरचा ताण कमी होतो. आसनाचा सुरक्षा पट्टा पांघरुणावरून बांधावा. तसे केल्याने तो कर्मचाऱ्यांना दिसतो व झोपमोड होत नाही. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानाला हवेतील तीव्र हेलकाव्याचा अचानक तडाखा बसून एका प्रवाशाचा मृत्यू झाला व अनेक जण जखमी झाले, हे लक्षात घेता झोपेतही पट्टा सोडू नये. जाग आल्यावर एकदम उभे राहू नये. आडवे असताना सर्वत्र सारखे वाटलेले रक्त उठताच पायांकडे उतरते, रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या वृद्धांना भोवळ येते, आणि २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विमानातील वैद्यकीय तातडीच्या प्रसंगांपैकी एक तृतीयांशाहून अधिक प्रसंग भोवळ किंवा बेशुद्धीचेच आढळले होते. आसन आधी अर्धे उभे करून, पावले खालीवर हलवून, दोन-तीन मिनिटांनी उठावे. विमान खाली येऊ लागण्यापूर्वी जागे व्हावे, कारण झोपेत गिळण्याची क्रिया मंदावते आणि कानाला घशाशी जोडणारी नलिका न उघडल्यास कानात तीव्र कळा येतात.

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारे उड्डाण पंधरा तासांच्या आसपास चालते आणि दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत ऋतूप्रमाणे साडेनऊ किंवा साडेदहा तासांचे अंतर असते. शरीराचे अंतर्गत घड्याळ दिवसाला साधारण एक तास या गतीने नव्या वेळेशी जुळते, आणि ही गती आसनाने वाढत नाही. ती प्रकाश, जेवणाच्या वेळा आणि योग्य वेळची झोप यांवर अवलंबून असते. सपाट आसनाचा उपयोग एवढाच की झोप कोणत्या तासांत घ्यायची हे प्रवाशाला ठरवता येते, आणि तो अधिकार पडद्यावर एकामागून एक चित्रपट पाहण्यात घालवणे दुर्दैवी आहे.

मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाला निघालेल्या साठी-सत्तरीच्या मराठी आईवडिलांसाठी हा खर्च करावा का, असा प्रश्न अनेक कुटुंबांत उभा राहतो. संधिवाताने गुडघे जखडलेले, कंबरेचे जुने दुखणे असलेले, पायांवर वारंवार सूज येणारे किंवा पोहोचल्यावर लगेच घरची जबाबदारी उचलावी लागणारे ज्येष्ठ यांच्यासाठी, ऐपत असल्यास, तो सार्थकी लागतो, आणि एकाच बाजूसाठी परवडत असेल तर रात्रीचे लांब उड्डाण निवडावे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये: मार्गिकेलगतचे आसन, मानेला आधार देणारी उशी, पायांपुढील जागा मोकळी ठेवणे, दर दीड-दोन तासांनी उठून चालणे आणि मद्य टाळणे यांतून आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे बहुतेक सर्व साधते.

गुठळीचा धोका प्रवासानंतरच्या पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि पुढील काही आठवडे थोडाफार टिकतो. या काळात एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखून गरम लागली, अचानक धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर प्रवास कोणत्याही वर्गातून झालेला असो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता लांब विमानप्रवास केल्याचे त्यांना सर्वप्रथम सांगावे.