एकवीसचे दुप्पट बेचाळीस होत नाहीत

जळगावात मेहरूण तलावाच्या काठी पहाटे पळणाऱ्यांमध्ये दर हिवाळ्यात एक प्रश्न हमखास निघतो: हाफ मॅरेथॉन झाली, आता फुल करू का? जरूर करा. पण हाफची वेळ दोनने गुणून फुलचा आकडा मनाशी धरू नका. त्या गुणाकाराचं पुढे काय होतं, ते मी मुंबईच्या रस्त्यावर अगदी जवळून पाहिलं आहे.

धुळ्याचा माझा मावसभाऊ माझ्याहून तरुण आणि वेगवान. डिसेंबरच्या थंडीत त्याने हाफ एक तास पंचावन्न मिनिटांत पूर्ण केली आणि जानेवारीत मुंबईला फुलसाठी उभा राहिला तो तीन तास पन्नास मिनिटं पक्की धरूनच. पहिलं अर्ध अंतर ठरल्याप्रमाणे गेलं. मी मागून माझ्या संथ चालीने येत होतो. बत्तिसावा किलोमीटर ओलांडल्यावर तो दुभाजकाला धरून उभा दिसला. पोटऱ्यांत गोळे आलेले, चेहरा पांढराफटक. "भाऊ, आते व्हत नही," एवढंच म्हणाला. तिथून आम्ही दोघे चालत निघालो. त्या वर्षीच्या मार्गावर पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेला होता. तो चढताना त्याने माझा खांदा सोडला नाही. शर्यत पुरी झाली, पण पाच तास उलटून गेले होते, आणि पुढे कित्येक आठवडे गुडघ्याने त्याला पळू दिलं नाही.

असं का होतं? स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, त्यातून साधारण 2000 कॅलरी मिळतात. पळताना किलोमीटरमागे खर्च होतो तो ढोबळमानाने वजनाच्या किलोइतक्या कॅलरींचा. 65 किलोच्या माणसाचा साठा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तळाला जातो. थोडी चरबीही जळत असते, म्हणून हा बिंदू दोन-तीन किलोमीटर पुढेमागे होतो, इतकंच. हाफ त्याच्या बऱ्याच अलीकडे संपते. म्हणून 21 किलोमीटर झकास गेले तरी शरीराची ती परीक्षा झालेलीच नसते.

पीट रीगल या अमेरिकी अभियंत्याने 1977 मध्ये मांडलेलं सूत्र आजही वापरात आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ सुमारे 2.085 पट होते. म्हणजे भावाच्या वेळेला चार तास. तेही भरपूर लांब पळण्याचा सराव असलेल्यांसाठी. पहिल्यांदा फुल करणाऱ्याने आणखी वीस-तीस मिनिटं मोकळ्या मनाने धरावीत.

आपल्याकडच्या हवेचाही यात वाटा आहे. डिसेंबरात आपली पहाट थंड आणि कोरडी असते, धुळ्याचा पारा तर कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. घाम लगेच वाळतो, वेग आपोआप वाढतो. मुंबईच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, अंग तापतं, आणि त्याच वेगाला नाडी किती तरी जास्त पडते.

म्हणून हाफला शर्यत न मानता रंगीत तालीम माना. फुलच्या चार-पाच आठवडे आधीची निवडा. जळगावची खान्देश रन त्या बेतात बसत असेल तर घरचीच तालीम होते. फुलला जो वेग ठेवणार तोच ठेवा. साडेचार तासांचं ठरवलं असेल तर किलोमीटरला सुमारे 6 मिनिटं 24 सेकंद. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये लोक पुढे जातील, जाऊ द्या. शेवटची रेषा ओलांडल्यावर अंगात बळ असेल, तर सावकाश आणखी पाच-सहा किलोमीटर पळा. बूट, मोजे, काखेत आणि मांड्यांना लावायचं व्हॅसलिन, सगळं तेच वापरा.

खाणंही तेच. भरीत-पुरीचा हंगाम आणि शर्यतींचा हंगाम एकच, त्यामुळे आदल्या रात्री आग्रह होणारच. भरीत आणि शेवभाजी शर्यतीनंतर खा. आदल्या रात्री साधा वरण-भात, पहाटे आपलं केळं. पळताना जेल घ्यायचं की खजूर, हे पोटाला हाफमध्येच विचारून ठेवा.

केवळ हाफवर भागत नाही. तिच्या आधीच्या महिन्यांत 28 ते 30 किलोमीटरची एक-दोन पळणी हवीतच. ती ऑक्टोबरच्या उन्हात येतात, तेव्हा पहाटे चारला निघा. पण एरंडोल-पारोळ्याकडच्या महामार्गावर अंधारात पळू नका, ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. तलावाच्या फेऱ्या कंटाळवाण्या असतात, पण सुरक्षित असतात. धुळेकरांनी चढासाठी लळिंगची बाजू धरावी, तीही उजाडल्यावर.

पाण्याबद्दल दोन्हीकडून सावध राहा. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या 488 धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम नेहमीच्या पातळीपेक्षा कमी निघालं. त्यामागचं मोठं कारण होतं पळताना गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. तहानेप्रमाणे प्या, आणि लांब पळण्यात नुसत्या पाण्याऐवजी मधूनमधून ओआरएस घ्या. दुखणं दाबायला वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका, मूत्रपिंडावर भार येतो. चाळिशी ओलांडली असेल तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बोलणं अडखळायला लागलं, तर थांबा आणि जवळच्या स्वयंसेवकाला हाक मारा, मग रेषा शंभर मीटरवर का असेना.