उत्तर कारेलियाचे ताट

चाळिशी ओलांडलेल्या मनुष्याच्या रक्ततपासणीत कोलेस्टेरॉलचा आकडा वाढलेला दिसला की "आमच्या घराण्यातच आहे" हे वाक्य हमखास ऐकू येते. आनुवंशिकतेचा वाटा खरा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु रक्त तेच, गाव तेच, आणि केवळ ताट बदलले तर काय घडते, हे फिनलंडच्या पूर्व सीमेवरील उत्तर कारेलिया प्रांताने जगाला दाखवून दिले आहे.

१९६०च्या दशकात हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांचे प्रमाण फिनलंडमध्ये जगात सर्वाधिक गणले जाई आणि त्या देशातही उत्तर कारेलिया सर्वांत पुढे होता. तेथील लोक आळशी नव्हते. शेती आणि लाकूडतोड करणारी ती कष्टाळू माणसे. तरीही ऐन चाळिशी-पन्नाशीत दगावत. अंगमेहनत करणाऱ्याने काहीही खावे, त्याला सर्व पचते, असे मानणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. त्यांच्या पावावर लोण्याचा जाड थर असे, जेवणासोबत सायीचे दूध असे, मांस चरबीचे आणि मीठ भरपूर. भाजीपाला नावापुरता. त्यात पुरुषांपैकी जवळजवळ निम्मे धूम्रपान करणारे.

१९७१ मध्ये प्रांतातील प्रतिनिधींनी सरकारकडे मदतीची लेखी मागणी केली आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. केवळ पत्रके वाटून माणसे बदलत नाहीत, हे या मंडळींनी लवकर ओळखले. 'मार्था' या गृहिणींच्या संघटनेला त्यांनी हाताशी धरले. गावोगावी स्त्रिया एकत्र जमत, नेहमीचेच कालवण कमी चरबीत आणि अधिक भाज्या घालून शिजवीत आणि सर्वांनी मिळून खात. दुधाचा व्यवसाय हा तेथील शेतकऱ्यांचा आधार असल्याने लोण्याविरुद्ध बोलणे त्यांना रुचले नाही, हे स्वाभाविकच. तेव्हा त्या थंड प्रदेशात उत्तम येणाऱ्या बेरी फळांच्या लागवडीला उत्तेजन देण्यात आले. लोकांच्या पोटावर पाय न देता त्यांच्या पोटात काय जाते ते बदलले, ही या कामाची खरी हुशारी होय.

१९७२ साली तेथील मध्यमवयीन पुरुषांचे सरासरी कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे सुमारे २६५ मिलिग्राम होते. पस्तीस वर्षांनी ते २१०च्या आसपास आले. ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. पुढील काळात नव्या उपचारांचाही यात हातभार लागला, हे मान्य केले पाहिजे. मात्र स्टॅटिन गटातील औषधे बाजारात आली ती १९८७ मध्ये. कोलेस्टेरॉलची घसरण त्यापूर्वीच सुरू झाली होती.

असे का घडते? कोलेस्टेरॉल मुख्यतः आपले यकृतच तयार करते. रक्तातील घातक समजले जाणारे एलडीएल उचलून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर जणू दारे असतात; या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लोणी, तूप, मांसाची चरबी, खोबरेल यांतील संपृक्त मेद ही दारे कमी करतो आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. उलट ओट, डाळी, फळे यांतील विद्राव्य तंतू पित्ताम्लांना आतड्यात बांधून बाहेर काढतात. नवे पित्त बनविण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. चालण्याने एलडीएल फारसे उतरत नाही, पण ट्रायग्लिसराइड घटतात व हितकारक एचडीएल थोडे वाढते. धूम्रपान एचडीएल घटविते.

आपल्याकडे चित्र थोडे निराळे आहे. भारतीयांत एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड अधिक, असे पुष्कळदा आढळते. म्हणून केवळ बिर्याणीतील तूप मोजून भागत नाही. सोबतचा भात, गोड शीतपेय आणि नंतरचा शिरखुर्मा हेही हिशेबात धरावे लागतात. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद तर एलडीएल वाढवितो आणि एचडीएल घटवितो. जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-तुपांतील त्याची मर्यादा २ टक्के करण्यात आली आहे, परंतु त्याच त्याच तेलात वारंवार तळलेल्या भज्यांचे समर्थन त्याने होत नाही. दिवसभराच्या रोजानंतर दस्तरखानावर प्रथम तळणच यावे, ही सवय कोणी आणि केव्हा लावली कोण जाणे.

स्त्रियांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मासिक पाळी थांबल्यानंतर एलडीएल वाढू लागते. पन्नाशीपूर्वीचा चांगला अहवाल पुढे कामाचा नसतो. सत्तरीपुढील माणसांनी मात्र पथ्याच्या नावाखाली उपासमार करू नये. वजन व स्नायू घटले तर पडणे-मोडणे हाच मोठा धोका होऊन बसतो. अशांच्या ताटातून तळण व चरबी काढावी. डाळ, मासे, साय काढलेले दही काढू नये.

ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांचे कोलेस्टेरॉल जन्मापासूनच फार अधिक आहे, त्यांना केवळ आहाराने पुरत नाही, औषध लागतेच. ते रमजानमध्ये परस्पर बंद करू नये. स्टॅटिनची गोळी बहुधा दिवसातून एकदाच घ्यावयाची असून अनेकांना ती रात्रीच दिलेली असते. सकाळी घेणाऱ्यांनी महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना वेळ बदलण्याविषयी विचारावे.