शाईचा थेंब, विजेचा स्पंद आणि पेटंटची परीक्षा

कोकम सरबताची बाटली, सुक्या मासळीची पिशवी किंवा सुपारीचे खोके उचलून पाहिले, तर त्यावर बारीक ठिपक्यांनी छापलेली तारीख, किंमत आणि गट क्रमांक दिसतो. आवेष्टित वस्तूंवर असा मजकूर असणे कायद्याने बंधनकारक आहे. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर जे लहान प्रक्रिया उद्योग चालतात, त्यांनाही हे छापावेच लागते. त्यासाठी वापरले जाणारे एक प्रमुख यंत्र म्हणजे इंकजेट मुद्रणयंत्र. या यंत्राचे शीर्ष शाईचे थेंब उडवते आणि त्या शीर्षाला कोणत्या क्षणी किती वीज द्यावयाची हे ठरवणारे विद्युत् मंडल त्याच्या पाठीशी असते. या मंडलात कोणी सुधारणा केली, तर तिला पेटंट मिळते किंवा नाही याचा निर्णय कसा होतो, हे या लेखात पाहावयाचे आहे.

मुद्रण आणि पेटंट यांचा संबंध मराठी माणसाला अगदीच अपरिचित नाही. १८६७ साली मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे ओतण्याचे यंत्र तयार केले, त्याची पेटंटे परदेशात घेतली आणि त्यासाठी त्यांना सर रतन टाटा यांचे अर्थसाहाय्य लाभले. भिसे १९३५ साली न्यूयॉर्क येथे निवर्तले. त्यांच्या काळी थोरला प्रश्न भांडवलाचा होता. आजच्या अर्जदारापुढचा पहिला प्रश्न वेगळा आहे. आपण केले ते खरोखर नवे आहे काय, हा तो प्रश्न होय.

थेंब कसा उडतो

इंकजेट शीर्षाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात शाईच्या कोठडीत एक सूक्ष्म तापक असतो. त्याला काही मायक्रोसेकंदांचा विजेचा स्पंद दिला की शाईचा पातळ थर एकदम तापून बुडबुडा तयार होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. जपानच्या कॅनन कंपनीतील एका संशोधकाचा तापलेला डाखणीचा इस्त्रा शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला लागला व शाई उडाली, आणि त्यावरून १९७७ च्या सुमारास ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे संशोधक स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले आणि १९८४ साली त्यांचे थिंकजेट यंत्र बाजारात आले.

दुसऱ्या प्रकारात तापकाच्या जागी दाबविद्युत् पदार्थाची पट्टी असते. तिला विद्युत् दाब दिला की ती किंचित वाकते, कोठडीचे आकारमान बदलते आणि थेंब सुटतो. या मार्गावरील महत्त्वाची पेटंटे १९७० च्या दशकातील आहेत. या शीर्षात शाई उकळावी लागत नाही, म्हणून निरनिराळ्या प्रकारच्या शाया चालतात. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर छापणाऱ्या यंत्रांत हा प्रकार बराच आढळतो. पुढील विवेचन त्याच्याच मंडलाविषयी आहे.

एक थेंब काही पिकोलिटरचा असतो. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. असे थेंब एका छिद्रातून दर सेकंदास हजारोंच्या संख्येने सुटतात. प्रत्येक थेंबासाठी द्यावयाचा स्पंद साधा चालू-बंद नसतो. दाब प्रथम अशा दिशेने बदलतात की कोठडी फुगून शाई आत ओढली जावी. मग क्षणभर तो तसाच धरतात, नंतर उलट दिशेने नेऊन शाई ढकलतात आणि शेवटी शाईचे हेलकावे शमतील असा आणखी एक लहान बदल करतात. आलेखावर ही आकृती समलंब चौकोनांच्या माळेसारखी दिसते. तिच्या उतारात थोडा फरक पडला, तरी थेंबाचा वेग बदलतो किंवा मुख्य थेंबामागे बारीक तुषार सुटून अक्षर फिसकटते.

विजेच्या दृष्टीने ही पट्टी म्हणजे एक धारित्र आहे. येथेच मंडलकाराची खरी अडचण सुरू होते. एका ओळीत दोनच छिद्रे उडावयाची असतील तर मंडलावरील भार अल्प असतो. पुढच्याच ओळीत तीनशे उडावयाची असतील तर तो दीडशे पट होतो, आणि तरीही तरंगाकार तोच राहिला पाहिजे. शिवाय धारित्र भरताना व रिकामे करताना ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते व ट्रान्झिस्टर तापतात. हा अपव्यय टाळण्यासाठी ‘डी’ वर्गाचे प्रवर्धक वापरावेत, तर त्यांत वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचांमुळे आसपास विद्युत् चुंबकीय उपद्रव होतो. या उपद्रवाची ओळख अलिबागला फार जुनी आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवावी लागली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन जुन्या व नव्या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या. पेटंट परीक्षकाचे कामही बरेचसे असेच असते. त्याला जुने व नवे शेजारी ठेवून त्यांतील फरक मोजावा लागतो.

किनाऱ्यावरचे एक उदाहरण

समजा, मुरूडजवळ मासळी पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरणाऱ्या एका लहान उद्योगात असे यंत्र आहे. बर्फाच्या खोलीत हवा थंड, बाहेरच्या पडवीत दुपारी दमट व तप्त, आणि सर्वत्र खारा वारा. थंडीत शाई दाट होते व थेंब मंदावतो. खारट ओलाव्याचा अदृश्य थर जोडण्यांवर बसला की विजेची गळती होते. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकलेला एक तरुण या दोन्ही दोषांवर उपाय करणारे मंडल बनवतो आणि पेटंटसाठी अर्ज करतो. हे सारे उदाहरणापुरते कल्पिले आहे, पण त्यावर येणारे आक्षेप अगदी नेहमीचे आहेत.

त्याचा पहिला दावा असा आहे: ‘तापमान मोजून त्यानुसार स्पंदाची उंची बदलणारे मंडल.’ परीक्षक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील ‘बी ४१ जे २/०४५’ हा गट उघडतो. दाबविद्युत् शीर्षांविषयीचे जगभरचे कागद येथे एकत्र सापडतात. तापमानानुसार स्पंद बदलण्याची युक्ति त्यांत जागोजाग आहे. एकाच जुन्या कागदात दाव्यातील प्रत्येक घटक आढळला की नावीन्य संपले. तो कागद जपानी भाषेत होता किंवा अर्जदाराने तो कधी पाहिला नव्हता, ही सबब चालत नाही.

दुसरा दावा असा: ‘थेंब उडाल्यानंतर त्याच पट्टीत उरणारी कंपने मोजून शाईची अवस्था ओळखणारे मंडल.’ कल्पना चतुर खरी, परंतु उरलेल्या कंपनांवरून तुंबलेले छिद्र ओळखण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांनी पूर्वीच नोंदवलेली आहे. हा दावाही टिकणे कठीण.

तिसरा दावा मात्र किनाऱ्यावरच सुचावा असा आहे. ज्या छिद्रातून थेंब उडवावयाचा नसतो, त्याची पट्टी काही मंडलांत स्विच उघडून मधल्या दाबावर तरंगती ठेवतात. खाऱ्या ओलाव्यामुळे तिच्यावरचा भार हळूहळू गळतो. पुढे स्विच मिटताच दाब एकदम उसळतो, शाईला धक्का बसतो आणि नको तेथे ठिपका पडतो. आपल्या तरुणाने दोन ओळींमधील रिकाम्या वेळात ही गळती मोजण्याची सोय केली आहे, आणि त्या मापावरून भार किती अंतराने पुन्हा पूर्ण करावयाचा हे मंडलच ठरवते. समजा, परीक्षकाला एक असा जुना कागद मिळाला की ज्यात ठराविक अंतराने भार पूर्ण केला जातो, परंतु गळती मोजली जात नाही. म्हणजे नावीन्य आहे. आता प्रश्न उरतो तो शोधकतेचा. त्या विषयातील जाणकार कारागिराला हा पुढचा टप्पा सहज सुचला असता काय?

याबाबत आपल्याकडील आधारभूत निर्णय भांडी घडवण्याच्या एका साधनाविषयी आहे. ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली स्पष्ट केले की, कारखान्यातील कारागीर आपल्या नेहमीच्या कसबाने करील तेवढी सुधारणा पेटंटला पुरेशी नाही. पेटंट दिले गेले म्हणजे ते वैध ठरलेच असेही नाही, हेही त्याच निर्णयाने सांगितले. तेव्हा आपल्या अर्जदाराने उत्तरात केवळ ‘माझे मंडल उत्तम चालते’ असे म्हणून भागणार नाही. ठराविक अंतराने भार पूर्ण केल्यास पावसाळ्यात अंतर अपुरे पडते व कोरड्या हवेत ऊर्जा व्यर्थ जाते, जुन्या कागदात गळतीचा दोष ओळखलेलाच नाही, आणि मोजमापासाठी वेगळा संवेदक न लावता तोच स्विच वापरला आहे, हे त्याने मोजमापांसह दाखवले पाहिजे. ही मोजमापे मूळ वर्णनातच असणे श्रेयस्कर. अर्ज दाखल झाल्यावर दावे आकुंचित करता येतात, पण वर्णनात नसलेली नवी गोष्ट मागाहून घुसडता येत नाही. माझ्या मते बहुतेक होतकरू अर्जदार येथेच चुकतात. ते उपयोगाचे गुणगान भरपूर करतात आणि मंडल कसे चालते ते चार ओळींत उरकतात.

कायद्याची कुंपणे

भारतात पेटंट देण्याचा आजचा कायदा १९७० चा असून तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. पुढे २००५ पर्यंत त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्याच्या तिसऱ्या कलमात पेटंट कशाला मिळत नाही याची यादी आहे. विद्युत् मंडलाच्या अर्जदाराने त्यांतील तीन पोटकलमे अवश्य वाचावीत. ज्ञात साधने शेजारी मांडली व प्रत्येक आपापले पूर्वीचेच काम करीत राहिले, तर त्या मांडणीला पेटंट नाही. केवळ संगणक-आज्ञावली किंवा गणिती रीत यांनाही नाही. म्हणून तरंगाकारांचे कोष्टक व ते निवडणारी आज्ञावली एवढेच दाव्यात असेल, तर आक्षेप येणार. मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ साली फेरिद अलानी प्रकरणात म्हटल्याप्रमाणे, आज्ञावलीमुळे तांत्रिक परिणाम घडत असेल तर तिचा अंतर्भाव आहे एवढ्यावरून अर्ज फेटाळणे योग्य नव्हे. तिसरे पोटकलम एकात्मिक मंडलांच्या रचनाचित्राविषयी आहे. सिलिकॉनच्या चकतीवर घटक कोठे बसवले याचे संरक्षण पेटंटने होत नाही. त्यासाठी २००० सालचा स्वतंत्र अधिनियम आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला मिळालेले भौगोलिक मानांकन हा तर अगदीच निराळा हक्क असून तो त्या प्रदेशातील उत्पादकांचा सामूहिक असतो.

आपल्या तरुणाचे सर्वांत मोठे नुकसान मात्र परीक्षकाच्या हातून नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या उत्साहामुळे होऊ शकते. अर्ज करण्यापूर्वी त्याने महाविद्यालयाच्या प्रदर्शनात मंडलाचा आराखडा भिंतीवर लावला, किंवा प्रकल्प-अहवाल सर्वांसाठी खुला झाला, तर तोच कागद त्याच्याविरुद्ध पूर्वज्ञान म्हणून उभा राहतो. केंद्र शासनाने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनातील मांडणी आणि विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध यांना कायद्याने बारा महिन्यांची सवलत दिली आहे, परंतु प्रत्येक प्रदर्शन अधिसूचित नसते. यावर उपाय सोपा आहे. आधी तात्पुरते वर्णन दाखल करून तारीख मिळवावी आणि बारा महिन्यांच्या आत संपूर्ण वर्णन द्यावे.

अर्ज ते निर्णय

महाराष्ट्रातील अर्जदारासाठी पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो. व्यक्ती, नवउद्योग, लघुउद्योग व शिक्षणसंस्था यांना अर्जासाठी १,६०० रुपये व परीक्षणाच्या विनंतीसाठी ४,००० रुपये असे मूळ शुल्क आहे. परीक्षण आपोआप होत नाही. ते मागावे लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांसाठी ही विनंती ३१ महिन्यांच्या आत करावयाची आहे. ती राहून गेल्यास अर्ज मागे घेतला असे समजले जाते. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. नवउद्योग, लघुउद्योग व महिला अर्जदार यांना अधिक शुल्क भरून त्वरित परीक्षण मागता येते.

परीक्षकाचा पहिला अहवाल आल्यावर उत्तरासाठी सहा महिने मिळतात आणि मागितल्यास मुदतवाढही मिळू शकते. अर्ज कोणत्याही शाखेतील परीक्षकाकडे जाऊ शकतो आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीने होते, त्यामुळे मुरूडच्या अर्जदाराला मांडव्याहून लाँच पकडून मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. आपल्या उदाहरणात पहिले दोन दावे गळतील आणि तिसरा ‘त्याच स्विचद्वारे गळती मोजून’ या शब्दांनी आवळला जाऊन मान्य होईल, असा संभव आहे. पेटंट मिळण्यापूर्वी कोणासही, व मिळाल्यानंतर एक वर्षापर्यंत हितसंबंधी व्यक्तीस, त्याला विरोध नोंदवता येतो.

पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. तिसऱ्या वर्षापासून दरसाल शुल्क भरावे लागते, ते थकले की हक्क संपुष्टात येतो. त्यामुळे १९७० व १९८० च्या दशकांतील इंकजेट मंडलांची सारी पेटंटे आज मुदतबाह्य झाली आहेत. शिवाय पेटंट ज्या देशात घेतले तेथेच लागू असते. जपानमध्ये किंवा अमेरिकेत नोंदलेले, पण भारतात न घेतलेले मंडल येथे बनवून विकण्यास आपल्या कायद्याची आडकाठी नाही. अशा जुन्या कागदांतील आकृत्या, घटकांची मूल्ये आणि तरंगाकार संगणकावर विनाशुल्क पाहता येतात, आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्या मुरूडच्या कारागिरालाही ते समोर ठेवून काम सुरू करता येते.