पाय आणि नेम

पाड्यावर तारपा घुमू लागला, की नाचणाऱ्यांची लांब साखळी वादकाभोवती फिरू लागते. वादकाने सूर बदलला, की टोकाचा नाचणारा चटकन वळतो आणि त्याच्यामागून सगळी साखळी उलट फिरते. डहाणू-तलासरीकडच्या मुलांनी हे पुष्कळदा पाहिले असेल. कानी पडलेली खूण पायांपर्यंत इतक्या त्वरेने पोहोचणे, हीच खेळाडूची चपळाई होय.

लॅक्रॉस या खेळाचा सारा भर या चपळाईवर आहे. उत्तर अमेरिकेतील हॉडेनोशोनी व इतर मूळ रहिवाशांचा हा फार जुना खेळ. हिकरी नावाच्या झाडाची काठी वाफेवर वाकवून तिच्या टोकाशी ते चामड्याच्या वाद्यांची जाळी विणीत. जाळीत चेंडू घेऊन धावायचे व जाळीनेच तो गोलात फेकायचा. गोलरक्षकावाचून कोणी चेंडूला हात लावावयाचा नाही. १९०४ व १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ झाला होता. २०२८ साली लॉस एंजेलिस येथे तो सहा-सहा खेळाडूंच्या संघांनी पुन्हा खेळावयाचे ठरले आहे.

सरावाची काठी तुम्हांलाही करता येईल. बांबूच्या टोकाशी कांब वाकवून बांधावी आणि मच्छीमारांच्या जुन्या जाळ्याचा तुकडा तिच्यावर ताणावा. चेंडू मात्र टेनिसचा घ्यावा. खरा चेंडू घट्ट रबराचा असतो, तोंडावर बसला तर दात जातील!

ओहोटीनंतरच्या ओल्या, घट्ट वाळूवर सहा करवंट्या चार-चार पावलांवर नागमोडी मांडा. कोरड्या वाळूत पाय रुततो. तिथे दम वाढेल, पण वळण साधणार नाही. काठी मनगटाने पाळण्यासारखी झुलवीत राहिल्यास चेंडू जाळीत टिकतो. करवंटीपाशी गुडघे वाकवून बाहेरच्या पायावर जोर द्यावा आणि वळावे. ताठ राहणाऱ्याचे वळण रुंद पडते. वळताच काठीवरील हातांची अदलाबदल करावी, म्हणजे जाळी प्रतिस्पर्ध्यापासून दूर राहते.

आता नेम. गोल सहा फूट रुंद व तितकाच उंच असतो. तेवढा चौकोन खिडकी नसलेल्या भिंतीवर गेरूने काढा व चारही कोपऱ्यांत वर्तुळे करा. मध्यभागी गोलरक्षक उभा असतो; तिथे फेकणे म्हणजे चेंडू त्याच्या स्वाधीन करणे. प्रथम दहा पावलांवर उभे राहून वीस वेळा उजव्या व वीस वेळा डाव्या हाताने फेका.

उभ्याने लागणारा नेम धावताना चुकतो. असे का व्हावे? धावता धावता हातातून सोडलेला चिकू सरळ पायाशी पडत नाही, पुढे जाऊन पडतो. चेंडूचेही तसेच आहे. तुम्ही आडवे धावत असाल, तर तोही आडवा सरकतो. म्हणून फेकण्यापूर्वीचे शेवटचे पाऊल कोपऱ्याच्या रोखाने पडले पाहिजे.

हे जमले, की करवंट्या भिंतीसमोर मांडा. एकाने धावावे. दुसऱ्याने मागून "वर डावा", "खाली उजवा" असे ऐन वेळी ओरडावे. खालचे कोपरे सोडू नका. गोलरक्षकाची काठी बहुधा वर धरलेली असते, ती खाली यायला वेळ लागतो. वीसपैकी किती लागले ते वहीत मांडा, आणि डाव्या हाताचा आकडा वेगळा लिहा. तो प्रथम फारच लहान असेल.