गोधडीपासून आरंभ करावा

प्रश्न : लोणावळ्यात कापड, कागद, तार अशा मिश्र माध्यमांतील प्रायोगिक वस्त्रकलेची कार्यशाळा घ्यावयाची आहे. आरंभ कशाने करावा?

उत्तर : जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने एकजीव करणारी गोधडी मावळच्या घरोघरी परिचित असल्याने पहिला दिवस केवळ सुईदोऱ्यास द्यावा, आणि नवशिके जिच्या आहारी फार लवकर जातात ती गोंदाची बाटली तूर्त कपाटात बंदिस्त ठेवावी. पुढे सह्याद्रीतला हिरडा कुटून त्याच्या काढ्यात सुती कापड भिजवावे. ते वाळल्यावर त्यात गंजके खिळे व पत्र्याचे तुकडे ठेवून, व्हिनेगर शिंपडून, घट्ट गुंडाळले असता कषायद्रव्य व लोह यांच्या संयोगाने करडे-काळे ठसे उमटतात. हे ठसे प्रत्येकाचे निराळे. म्हणून शिक्षकाने तयार नमुना दाखवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लोहाचे प्रमाण मात्र बेताचे असावे, कारण त्याच्या अतिरेकाने धागा कालांतराने जीर्ण होतो. रंगासाठी कोणी हळद वापरणार असेल, तर ती उन्हात विटते, हेही आधीच सांगावे.

जुलै-ऑगस्टात लोणावळ्यास ना रंग वाळतो, ना गोंद. बुरशी तेवढी बिनहुकूम हजर होते. सबब कार्यशाळा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या मुदतीतच ठेवावी.